साधी इलेक्ट्रिक गिटार, लॅपटॉप आणि सिंथचे टोन : पहिल्यांदा सेटअप लावणाऱ्यांसाठी

कीबोर्ड येत नाही पण गिटारवर हात चांगला बसलाय, अशा माणसाच्या डोक्यात कधी ना कधी येतंच की हे पॅड (लांब पसरत जाणारा मऊ आवाज), ही बासरी, तो जाड सिंथ बेस मला गिटारवरनंच वाजवता आला तर किती बरं होईल. येतो वाजवता. आणि त्यासाठी वेगळी गिटार घ्यावी लागत नाही, वेगळा पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) बसवावा लागत नाही, साध्या जॅकची नेहमीची इलेक्ट्रिक गिटार चालते. पूर्वी तसं नव्हतं, रोलँडने १९७७ मध्ये जीआर-५०० काढला तेव्हा त्याच्यासोबत खास बनवलेली गिटारच यायची, नंतर ब्रिजजवळ चिकटवायचे सहा तारांचे सहा वेगळे सिग्नल देणारे पिकअप आले, ते आजही मिळतात आणि चांगले आहेत. पण सुरुवातीला त्यात पैसे घालू नका. आधी सॉफ्टवेअरवर महिनाभर वाजवून बघा, ही गोष्ट आपल्या हाताला मानवते का ते त्यातनं कळेल.

आधी आत काय होतं ते समजून घेऊ, कारण पुढच्या सगळ्या अडचणींची उत्तरं इथेच आहेत. तुम्ही तार छेडली की तिचा सिग्नल साउंड कार्डमधून, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या ऑडिओ इंटरफेसमधून, लॅपटॉपमध्ये जातो. तिथे एक ट्रॅकर सॉफ्टवेअर तो ऐकतं आणि ओळखतं की हा अमुक सूर, एवढ्या जोरात, आत्ता सुरू झाला, आत्ता बंद झाला. ही माहिती ते मिडीच्या भाषेत लिहून सिंथला, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला, देतं. मिडी हे स्टँडर्ड १९८३ पासून आहे आणि त्यात आवाज नसतोच, फक्त चिठ्ठी असते : नोटचा नंबर, ० ते १२७ मधला जोर, चालू की बंद. सहावी तार मोकळी वाजवली की नंबर ४०, मग ४५, ५०, ५५, ५९ आणि पहिली बारीक तार ६४. म्हणजे तुमच्या गिटारचा आवाज सिंथपर्यंत पोचतच नाही, पोचते ती चिठ्ठी. चिठ्ठी लिहिणाऱ्याला जे ऐकू आलं तेच वाजणार, त्यामुळे त्याला स्वच्छ ऐकू जाईल असं वाजवणं आणि असा सिग्नल देणं, हेच अर्ध्याहून जास्त काम आहे.

काय काय लागेल

गिटार, केबल, लॅपटॉप, साउंड कार्ड, वायरवाला हेडफोन. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, त्यात आवाज सहज शंभर मिलिसेकंदांहून उशिरा येतो आणि मग बाकी काहीही केलं तरी ते वाजवण्यासारखं होत नाही.

साउंड कार्डवर गिटारसाठीचा इनपुट पाहिजे, त्यावर इन्स्ट किंवा हाय-झी असं लिहिलेलं असतं किंवा त्याचं बटण असतं, ते ऑन करा. गिटारच्या पिकअपला साधारण एक मेगाओम इम्पीडन्सचा इनपुट लागतो, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात अडॅप्टर लावून गिटार घातली तर आवाज मऊ, मेलेला येतो आणि ट्रॅकर चाचपडत राहतो. फोकसराइट स्कार्लेट सोलो सारखं एक गिटार इनपुट असलेलं साधं कार्ड पुरतं, महागाचं लागत नाही.

विंडोज असेल तर कार्डच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, तो आवाज कमी उशिराने आत-बाहेर नेतो. विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर या कामाला फार हळू पडतो. कार्डचा स्वतःचा ड्रायव्हर नसेल तर एएसआयओ४ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर आहे, तो दुय्यम पर्याय समजा. मॅकवर वेगळं काही टाकावं लागत नाही. आयफोन-आयपॅडवरही हे काम छान होतं, अँड्रॉइडवर मी तरी कुणाला पाठवणार नाही, तिथे आवाजाचा उशीर फोनगणिक वेगळा असतो.

सॉफ्टवेअरमध्ये तीन गोष्टी : ट्रॅकर, सिंथ आणि दोघांना बसायला एक डॉ (डीएडब्ल्यू), म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. त्यासाठी रीपर घ्या, ६० दिवस सगळं उघडं वापरता येतं, हलकं आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. सिंथ फुकटात उत्तम मिळतात, सर्ज एक्सटी पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स आहे, व्हायटलची फुकट आवृत्ती सुरुवातीला भरपूर आहे, आणि ऐंशीच्या दशकातला तो यामाहा डीएक्स७ चा काचेसारखा आवाज हवा असेल तर डेक्स्ड. ट्रॅकरमध्ये जॅम ओरिजिनचं मिडी गिटार हे नाव आधी बघा, ते कॉर्डसुद्धा ओळखतं आणि विकत घेण्याआधी ट्रायल उतरवून आपल्या गिटारवर तपासता येतं.

पहिला प्रयोग, एका पैशाचाही खर्च न करता

रीपरमध्येच रियाट्यून नावाचा इफेक्ट येतो, लोक तो ट्यूनर म्हणून वापरतात पण त्यात एक टिकमार्क आहे, सूर बदलला की मिडी पाठव असा. आधी रीपरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तुमच्या कार्डचा एएसआयओ निवडा. एक नवा ट्रॅक घ्या, त्याला इनपुट म्हणून मोनो, गिटार जिथे लावलीय तो नंबर द्या, लाल बटण दाबून आर्म करा (म्हणजे रेकॉर्डिंगला तयार), मॉनिटर चालू करा म्हणजे वाजवलेलं लगेच ऐकू येईल. ट्रॅकच्या एफएक्समध्ये रियाट्यून घाला, तो टिकमार्क करा, आणि त्याच्या खाली रियासिंथ किंवा सर्ज घाला. आता एकच तार, सातव्या-आठव्या फ्रेटच्या आसपास, हळू वाजवा.

सिंथ बोलला ना? तो पहिला क्षण मला अजून आठवतो, आपल्याच बोटाखालून भलताच आवाज येतो आणि हात आपोआप थांबतो.

रियाट्यून एका वेळी एकच सूर ओळखतं, कॉर्ड वाजवली की गोंधळतं. त्यात विंडो साइज असा आकडा आहे, कमी केला की सूर लवकर पकडतो पण जाड तारा चुकतात, वाढवला की जाड तारा नीट येतात पण उशीर होतो. हा आकडा मागेपुढे करून बघाच, कारण महागातल्या सॉफ्टवेअरमध्येही हीच ओढाताण आत चाललेली असते, फक्त ती लपलेली असते.

उशीर का होतो, आणि त्याचं काय करायचं

नवीन माणूस इथेच वैतागून सोडून देतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. उशीर दोन प्रकारचा असतो.

पहिला लॅपटॉपचा. साउंड कार्डच्या सेटिंगमध्ये बफर असतो, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, १२८ सॅम्पल आणि ४८००० सॅम्पल रेट ठेवला तर एक बफर साधारण २.७ मिलिसेकंदांचा झाला, आत येताना एक आणि बाहेर जाताना एक धरा, वर ड्रायव्हरचा थोडा. हा काही फार नाही, हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे स्टेजवर तीन मीटर लांब ठेवलेला अँपही नऊ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि आपण त्यावर मजेत वाजवतो. तेव्हा बफर १२८ ठेवा, आवाजात कडकड आली तर २५६ करा, लॅपटॉप दमदार असेल तर ६४. वाय-फाय, ब्राउझर, अँटिव्हायरसचं स्कॅन बंद ठेवलं की कडकड बरीच कमी होते.

दुसरा उशीर निसर्गाचा आहे आणि तो कुठल्याच कंपनीला टाळता येत नाही. सूर ओळखायचा म्हणजे तारेचं कंपन निदान एक-दोनदा पूर्ण व्हायला हवं. मोकळी सहावी तार सेकंदाला साधारण ८२ वेळा हलते, म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद, दोन बघायची तर २४. मोकळी पहिली तार सेकंदाला ३३० वेळा, म्हणजे एका कंपनाला तीनच. शिवाय पिक लागल्या क्षणी तारेचा नुसता खरखराट असतो, सूर नंतर स्थिरावतो. म्हणून बारीक तारांवर, वरच्या फ्रेटला सिंथ चटकन उत्तर देतो आणि जाड तारेवर तो मागे रेंगाळतो. तुमचं सेटिंग चुकलेलं नाहीये, ते तसंच असतं.

याच्यावर एक उपाय आहे आणि तो मी प्रत्येक नवीन माणसाला आधी शिकवतो : सिंथ बेस वाजवायचा असेल तर जाड तारांवर वाजवूच नका. मधल्या तारांवर, वरच्या सप्तकात वाजवा आणि सिंथमध्ये ट्रान्सपोज उणे १२ किंवा उणे २४ सेमीटोन, म्हणजे एक किंवा दोन सप्तकं खाली, करा. ट्रॅकरला वरचा सूर झटकन कळतो, सिंथ तो खाली उतरवून वाजवतो. बेस एकदम हाताला चिकटल्यासारखा येतो.

दुसरा उपाय म्हणजे गिटारचा मूळ आवाजही सोबत ठेवणं. गिटारचा क्लीन आवाज थोडासा, आणि खाली सिंथ. पिकचा टक्क आवाज कानाला वेळेवर मिळतो आणि सिंथ मागून फुलतो, मग वीस-पंचवीस मिलिसेकंदांचा फरक जाणवतसुद्धा नाही. मला तर हा मिश्र आवाज नुसत्या सिंथपेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात वाजवणाऱ्याचा हात ऐकू येतो.

आता खरा ट्रॅकर लावूया

रीपरमध्ये तीन ट्रॅक करा. पहिल्यावर गिटारचा इनपुट आणि मिडी गिटारसारखा ट्रॅकर, दुसऱ्यावर नुसता सिंथ, तिसऱ्यावर परत तोच गिटार इनपुट पण साधा, हवं तर एखादा अँपचा इफेक्ट घालून. पहिल्याच्या रूट बटणावरून दुसऱ्या ट्रॅकला सेंड काढा, त्यात ऑडिओ नन करा आणि मिडी ऑल ठेवा, आणि पहिल्याचा मास्टर सेंड बंद करा म्हणजे त्याचा आवाज परत मिसळणार नाही. पहिला आणि तिसरा आर्म करून मॉनिटर चालू. आता दुसऱ्याच्या फेडरने सिंथ, तिसऱ्याच्या फेडरने गिटार, दोन्ही वेगळे हातात आले.

डॉ नको असेल, थेट वाजवायचं असेल तर मिडी गिटार स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणूनही चालतं आणि त्याच्या आतच सिंथ उघडता येतात. दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रॅमला मिडी पाठवायचं असेल तर मध्ये एक खोटी मिडी केबल लागते, विंडोजवर लूपमिडी, मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमधला आयएसी ड्रायव्हर. दोन्ही फुकट.

इनपुट गेन असा ठेवा की सगळ्यात जोरात झंकारलं तरी लाल दिवा लागणार नाही. लाल दिवा म्हणजे सिग्नल फाटला, आणि फाटलेल्या सिग्नलमध्ये नको ते सूर तयार होतात. त्याच कारणाने डिस्टॉर्शन, कोरस, डिले, रिव्हर्ब, सगळे पेडल ट्रॅकरच्या आधी बंद. इफेक्ट हवेत तर सिंथच्या नंतर लावा.

भुताच्या नोटा

तुम्ही एक सूर वाजवला आणि सिंथमधून वरचा कुठलातरी भलताच सूर क्षणभर किंचाळून गेला, याला भुताची नोट म्हणा. ही कुठून येते? तार एकाच सुरात हलत नाही, तिच्यात दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनंही असतात. दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, तिप्पट म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. तंबोऱ्याच्या खर्जात कान लावून बसलात तर हेच वरचे सूर आपोआप ऐकू येतात. ट्रॅकरलाही ते ऐकू येतात, आणि कॉर्डमध्ये तर त्याने ठरवायचं काय की हा सूर खरंच वाजवलाय की खालच्या तारेतून आलाय? म्हणून भुताच्या नोटा बहुतेक वेळा सप्तक वर किंवा त्याच्यावरच्या पंचमाला सापडतात.

त्या कमी करायच्या तर मूळ सूर ठळक पाहिजे. नेक पिकअप वापरा, ब्रिज पिकअपमध्ये वरचे सूरच जास्त असतात. गिटारचा टोन नॉब थोडा खाली आणा. ट्यूनिंग वाजवायला बसताना प्रत्येक वेळी तपासा, आणि बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर सप्तकावर येतो का तेही बघा, नाहीतर वर गेल्यावर प्रत्येक नोट किंचित चढी किंवा उतरी लागते. तारा गंजलेल्या असतील तर बदला, कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तारा फार लवकर गंजतात आणि गंजलेली तार एका सुरात हलतच नाही.

मग हात. ज्या तारा वाजवत नाही त्या मुक्या ठेवा, खालच्या जाड तारा उजव्या तळहाताच्या कडेने, वरच्या बारीक तारा डाव्या बोटांच्या पोटाने. नेहमीच्या गिटारमध्ये एखादी तार हलकीच गुणगुणत राहिली तर आपण ऐकूनही न ऐकल्यासारखं करतो, इथे तिच्यावर अख्खा पॅड उघडतो. एक सूर सोडायचा, मग दुसरा धरायचा, पिक तारेत खोल घालायची नाही, जोर एकसारखा. मी पहिले पंधरा दिवस एकाच तारेवर सा रे ग म, रे ग म प असे अलंकार संथ लयीत घेत होतो आणि प्रत्येक सूर स्वच्छ सुरू होऊन स्वच्छ संपतोय का एवढंच ऐकत होतो. त्या पंधरा दिवसांनी माझं साधं गिटार वाजवणंही निवळलं, हे मनापासून सांगतो.

एक घरगुती कारणही असतं. आमच्याकडे गिटारला हातही न लावता सिंथ मधूनच टुकटुक करायचा, कितीतरी दिवस मी सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसलो, शेवटी पंख्याचा रेग्युलेटर निघाला. पंखा अर्ध्यावर असला की हम यायचा, पूर्ण किंवा बंद केला की जायचा. सिंगल कॉइल पिकअप असेल तर हे फार होतं. तसंच लॅपटॉपचा चार्जर, अर्थिंग नीट नसलेल्या खोलीत चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, घरघर लगेच थांबली तर दोष चार्जर किंवा अर्थिंगकडे आहे, अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा. एवढं करून थोडा आवाज उरला तर ट्रॅकरमधला गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज अडवणारं सेटिंग) वाढवा, पण हळूहळू, गेट फार वर नेला की तुमचे नाजूक सूरही तो गिळतो.

मींड आणि बेंड

इथे हमखास एक गोंधळ होतो. तुम्ही तार खेचून ग वरून म ला जाता, आणि सिंथ कुठेतरी भलतीकडेच जाऊन पोचतो. कारण चिठ्ठीत "एवढं वाकव" असं लिहिलेलं असतं पण "एवढं" म्हणजे किती ते दोघांनी वेगळं ठरवलेलं असतं. बऱ्याच सिंथमध्ये पिच बेंडची मर्यादा दोन सेमीटोन, म्हणजे दोन फ्रेट असते, ट्रॅकरमध्ये १२ असू शकते. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा, मी १२ ठेवतो. सर्जमध्ये आणि व्हायटलमध्ये बेंडचा आकडा समोरच दिसतो.

दुसरी मेख अशी की साध्या मिडीत एका चॅनेलवर बेंड सगळ्या सुरांना मिळून लागतो. कॉर्ड धरून एक तार खेचली तर सगळी कॉर्ड वाकते. यावर एमपीई नावाची पद्धत आहे, प्रत्येक सुराला वेगळं चॅनेल देणारी, सर्ज आणि व्हायटल दोन्ही ती समजतात, पण सुरुवातीला एवढं नको. कॉर्ड वाजवताना बेंड बंद ठेवा, मींड घ्यायची असेल तेव्हा सिंथ मोनो (एका वेळी एकच सूर) आणि लेगाटो (सूर न तोडता जोडणारा) करा आणि एकाच सुराने वाजवा. बासरी, व्हायोलिनसारख्या टोनवर गिटारची मींड इतकी सुंदर येते की कीबोर्डवाल्याचं सूर वाकवायचं व्हील तिच्या जवळपासही येत नाही, हा आपला खरा फायदा आहे आणि तो घ्यायलाच पाहिजे. पियानो, ऑर्गनला मात्र बेंड पूर्ण बंद, नाहीतर फ्रेटवर बोट जरा जास्त दाबलं तरी पियानो बेसूर वाटायला लागतो.

कुठला टोन निवडायचा

पहिल्या आठवड्यात पॅड आणि हळू चढणारे स्ट्रिंग्स. आवाज मुळातच हळू उघडतो त्यामुळे उशीर त्यात विरघळतो, आणि तीन सुरांच्या साध्या कॉर्डला सहा तारा झंकारण्यापेक्षा तीन तारा बोटांनी एकदम छेडा, पिकने एकेक तार लागत गेली तर सूरही एकामागून एक येतात. मग मोनो लीड, मग वर सांगितलेला बेस. पियानो, मारिंबा, जलद तुटक टोन सगळ्यात शेवटी, त्यात प्रत्येक चूक उघडी पडते.

जोराचं सेटिंगही बघा. काही नोटा ढणकन आणि काही मेल्यासारख्या येत असतील तर ट्रॅकरमध्ये व्हेलॉसिटीचा वक्र सपाट करा किंवा सिंथमध्ये व्हेलॉसिटीचा परिणाम कमी करा. ऑर्गनला तर जोर एकच ठेवलेला बरा.

रेकॉर्ड करताना

पहिल्या ट्रॅकचा रेकॉर्ड मोड बदलून आउटपुट मिडी करा आणि तिसऱ्यावर साधी गिटार ऑडिओ म्हणून घ्या, दोन्ही एकदम. म्हणजे चिठ्ठी आणि मूळ आवाज दोन्ही हातात राहतात. वाजवून झालं की मिडीचा तुकडा सिंथच्या ट्रॅकवर खाली ओढा, उघडा, अगदी बारीक टिकल्यांसारख्या नोटा आणि जोर वीसच्या खालच्या नोटा निवडून उडवा, बहुतेक भुतं तिथेच संपतात. सगळ्या नोटा थोड्या मागे राहिल्या असतील तर सगळा तुकडाच दहा-पंधरा मिलिसेकंद डावीकडे, म्हणजे आधी वाजेल असा, सरकवा. मग टोन कितीही वेळा बदला, वाजवलेलं तेच राहतं.

थेट वाजवायची घाई नसेल, नुसती सुचलेली चाल मिडीत आणायची असेल, तर आधी गिटार रेकॉर्ड करून नंतर बदलणारी साधनंही आहेत, स्पॉटिफायने २०२२ मध्ये फुकट दिलेलं बेसिक पिच ब्राउझरमध्येच चालतं आणि कॉर्डही बऱ्यापैकी वाचतं.

आणि कार्यक्रमात वाजवणार असाल तर एक गोष्ट आधीच करून ठेवा. कधीकधी "चालू" ची चिठ्ठी जाते आणि "बंद" ची जातच नाही, मग सूर अडकून वाजतच राहतो. सिंथमधलं किंवा डॉमधलं पॅनिक किंवा ऑल नोट्स ऑफ हे बटण कुठे आहे ते शोधा, एका कळीवर किंवा पायाच्या स्विचवर लावून घ्या, आणि घरी दोन-चार वेळा मुद्दाम दाबून बघा की सिंथचे सगळे सूर थांबतात, सोबतची गिटार चालू राहते.